वाचकांचे प्रश्न : मत्स्यपेटीतील आजारपण

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट 'कोणते औषध घालू?' या प्रश्नाने झाला आहे. टाकीत प्रत्यक्ष पाणी किती, त्यात अमोनिया आणि नायट्राइट किती, मासा मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतो, खातो की नाही, हे मात्र दोन-तीन पत्रांतच सापडले. ही माहिती नसताना औषध सुचवणे म्हणजे अंदाजाने खडा टाकणे होय. म्हणून काही उत्तरांत औषधापेक्षा पाण्याचीच चर्चा अधिक आहे, याची वाचकांनी तयारी ठेवावी.

प्रश्न : माझ्या टाकीतील टेट्रा आणि लोच माशांच्या अंगावर मिठाचे कण भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले होते. दुकानातून आणलेले निळसर औषध तीन दिवस घातले आणि ठिपके पूर्ण गेले. आठवड्याभरात ते दुपटीने परत आले. औषध बनावट होते का?

उत्तर : औषध बहुधा चांगले होते, ते फार लवकर थांबवले गेले. तुम्ही वर्णन केलेला आजार 'इक' किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग या नावाने ओळखला जातो. तो 'इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस' नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. १८७६ मध्ये मिळालेल्या या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'पुष्कळ लेकरांचा' असा आहे आणि तुमच्या टाकीत नेमके काय घडले, ते त्या शब्दातच आले आहे.

दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसून खाणारा एक परजीवी असतो. त्याच्यावर त्वचेचे आवरण असल्यामुळे तेथे कोणतेही नेहमीचे औषध पोहोचत नाही. पोट भरले की तो आपणहून माशाला सोडतो, तळातील वाळूला, पानाला किंवा काचेला चिकटतो, स्वतःभोवती कवच तयार करतो आणि आत विभागत राहून काही शे ते हजारभर पिल्ले तयार करतो. कवच फुटल्यावर बाहेर पडलेली ही पिल्ले नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात आणि साधारण दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. औषधाचा घाव बसतो तो फक्त या पोहणाऱ्या अवस्थेवर. तिसऱ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले, तेव्हा परजीवी मेले नव्हते. ते जेवण आटोपून तळाशी उतरले होते. मीही माझ्या पहिल्या टाकीत स्वच्छ अंगाचे मासे पाहून चौथ्या दिवशी औषध बंद केले होते आणि पुढच्या आठवड्यात निम्मे मासे गमावले होते.

यावरून उपचाराचा कालावधी ठरतो. सुमारे २५ अंश सेल्सिअसला हा फेरा चार ते सहा दिवसांत पूर्ण होतो, तर १० अंशांच्या गार पाण्यात त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. टेट्रा आणि लोच उष्ण पाण्यातील मासे असल्यामुळे दर काही तासांनी एक अंश या बेताने तापमान २९ ते ३० अंशांपर्यंत न्यावे, म्हणजे फेरा लवकर पूर्ण होऊन पिल्ले औषधाच्या तावडीत लवकर येतील. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि फॉर्मॅलिन असलेली औषधे तो आणखी कमी करतात, त्यामुळे या काळात हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. औषध पत्रकावर सांगितलेल्या अंतराने घालत राहावे आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यानंतरही किमान चार-पाच दिवस चालू ठेवावे. एकूण उपचार दहा ते चौदा दिवसांचा होतो. एक दिवसाआड सायफनने तळ उपसल्यास कवचातील परजीवींचा मोठा वाटा औषधाविनाच बाहेर जातो.

आणखी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. फिल्टरमधील सक्रिय कोळसा औषध शोषून घेतो, म्हणून तो उपचारापुरता काढून ठेवावा. लोचचे खवले अतिशय बारीक असल्यामुळे त्याला मॅलकाइट ग्रीनसारखी औषधे अधिक बाधतात. अशा माशांसाठी बाटलीवर अर्धी मात्रा सांगितली असेल, तर ती पाळावी. तिसरी गोष्ट मात्रेच्या हिशोबाची आहे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच टाकीला दुकानदार '६५ लिटरची' म्हणतात; परंतु पाणी ३० सेंटिमीटरपर्यंतच भरलेले असेल तर ते ५४ लिटर होते आणि वाळू-दगडांची जागा वजा केल्यावर जेमतेम ४७ ते ४८ लिटर उरते. ६५ लिटरची मात्रा घालणारा माणूस जवळपास दीडपट औषध देत असतो. मॅलकाइट ग्रीन हाताळताना हातमोजे घालावेत. ते आरोग्याला घातक मानले जाते आणि अनेक देशांत खाण्याच्या माशांसाठी त्याच्या वापरावर बंदी आहे.

जाता जाता एक खुलासा करतो, कारण दुसऱ्या एका पत्रात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर ओळीने आलेल्या पांढऱ्या पुटकुळ्यांचे वर्णन आहे. मासा एरवी ठणठणीत असेल तर ती विणीच्या हंगामाची खूण असते. तिला औषध लागत नाही.

प्रश्न : दोन आठवड्यांपूर्वी नवी टाकी सुरू केली. पाणी काचेसारखे स्वच्छ आहे, मी दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतो, तरीही रोज एखादा मासा पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत मरतो. कल्ले लाल दिसतात. हा कोणता संसर्ग आहे?

उत्तर : हा संसर्ग नसावा, ही विषबाधा असावी; आणि पाणी स्वच्छ दिसते हा पुरावा येथे काहीच उपयोगाचा नाही, कारण अमोनियाला रंग नसतो. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात आणि उरलेले अन्न कुजूनही तो तयार होतो. मुरलेल्या टाकीत एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचे बऱ्याच कमी घातक नायट्रेट बनवतात. या जिवाणूंची वस्ती बसायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात आणि ती मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवरच असते. तुम्ही दर रविवारी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने तीच धुऊन टाकता. स्वच्छतेची हौस वाईट नाही, पण स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळावा, तोही प्रवाह मंदावल्यावरच.

आज करण्याच्या गोष्टी अशा आहेत. थेंबांच्या तपासणी संचाने अमोनिया, नायट्राइट आणि सामू म्हणजेच पीएच मोजावा. केवळ अमोनियाचा आकडा पुरेसा नसतो, कारण पाण्यातील एकूण अमोनियापैकी खरा विषारी भाग सामूवर अवलंबून असतो. २५ अंशांच्या पाण्यात सामू ७ असताना तो १ टक्क्यापेक्षाही कमी असतो, सामू ८ झाला की ५ टक्क्यांच्या वर जातो. तपासणीत अमोनिया किंवा नायट्राइट दिसत असेपर्यंत रोज पाव ते निम्मे पाणी बदलावे आणि दाणा अगदी थोडा घालावा किंवा दोन दिवस बंद ठेवावा. निरोगी प्रौढ मासा दोन दिवसांच्या उपासाने मरत नाही. नवे पाणी तापमानाने आणि सामूने जुन्याच्या जवळपास असावे. विशेषतः टाकीचे पाणी आम्ल आणि नळाचे पाणी अल्कधर्मी असेल तर एकदम मोठा बदल करू नये, कारण सामू चढताच निरुपद्रवी स्वरूपातील अमोनिया विषारी स्वरूपात जातो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन एक दिवस उघडे ठेवल्याने बऱ्याच अंशी उडून जाते, पण पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरले जात असेल तर ते तसे उडत नाही. त्यासाठी पाणी अनुकूल करणारे द्रावणच लागते.

नायट्राइटची बाधा वेगळी असते. ते रक्तातील हिमोग्लोबिनशी खेळून त्याची प्राणवायू वाहण्याची क्षमता काढून घेते, त्यामुळे हवेचा पंप जोरात चालू असूनही मासा धापा टाकतो आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात. अशा वेळी दर १० लिटर पाण्यामागे सुमारे १ ग्रॅम साधे मीठ विरघळवून घातल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यास अटकाव करते. जिवाणुनाशक औषधे मात्र या टाकीत कटाक्षाने टाळावीत. बसू पाहणारी वस्तीही त्यांनी जाईल.

प्रश्न : गप्पीच्या तोंडावर पांढरा कापूस आला आहे. बुरशीचे औषध चार दिवस घातले आणि तापमानही वाढवले, तरी काल दोन मासे गेले आणि आज तिसऱ्याच्या पाठीवर फिकट पट्टा दिसतो. काय चुकले?

उत्तर : निदान चुकले असावे आणि त्यामुळे तापमानही उलट दिशेने गेले. कापसासारखे दिसणारे सगळे बुरशी नसते. 'सॅप्रोलेग्निया' या पाणबुरशीचे तंतू लांब आणि मोकळे असतात, पाण्यात ते कापसाच्या बोळ्यासारखे फुललेले दिसतात आणि बहुधा आधीच्या जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर वाढतात. तोंडाभोवती आखूड, मळकट करडा-पांढरा थर, त्याला क्वचित पिवळसर कड आणि पाठीच्या परापासून दोन्ही बाजूंना खोगिरासारखा उतरणारा फिकट पट्टा दिसत असेल, तर 'फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरी' या जिवाणूचा संशय घ्यावा. बुरशी दिवसेंदिवस हळू वाढते. या जिवाणूच्या तीव्र प्रकारात मासा एक-दोन दिवसांत दगावतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या उत्तरात वाढवायला सांगितलेले तापमान येथे घात करते, कारण उबदार पाण्यात हा जिवाणू अधिक जोमाने पसरतो. मासे सोसतील तर पाणी सावकाश २३ ते २४ अंशांवर आणावे, आजारी मासे वेगळ्या टाकीत ठेवावेत आणि गर्दी कमी करावी. याला प्रतिजैविक लागते. ते माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच आणि सांगितलेल्या पूर्ण मुदतीपर्यंत द्यावे. घरातील उरलेल्या कॅप्सूल अंदाजाने फोडून पाण्यात टाकल्यास मासा वाचण्याची खात्री नसतेच, शिवाय औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र टाकीत तयार होऊ शकतात. जाळे आणि सायफन प्रत्येक टाकीचे वेगळे असावेत.

प्रश्न : गोल अंगाचा गोल्डफिश उलटा तरंगतो. तो वाचेल का?

उत्तर : वरून पाहा. खवले अंगाला चपट बसलेले असतील तर आशा आहे. गोल्डफिशच्या वाताशयाची, म्हणजे तरंगण्यासाठी असलेल्या हवेच्या पिशवीची, नळी अन्ननलिकेला जोडलेली असते आणि आखूड, फुगीर अंगाच्या जातींत आतले अवयव दाटीने बसलेले असतात, त्यामुळे हवेसकट गिळलेल्या तरंगत्या दाण्याने आणि बद्धकोष्ठाने तोल जाऊ शकतो. दोन-तीन दिवस उपास, मग साल काढून उकडलेला मटारचा तुकडा आणि पुढे भिजवलेला, बुडणारा दाणा, हा अनुभवातला उपाय करून पाहावा आणि पाणीही तपासावे.

खवले अंगापासून सुटून उभे राहिले असतील आणि पोट टम्म फुगले असेल, तर गोष्ट निराळी आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात पाणी सतत शिरत असते आणि मूत्रपिंडे ते अहोरात्र बाहेर टाकत असतात. ती निकामी झाली की पाणी साठते आणि खवले उचलले जातात. हे एका रोगाचे नाव नसून अनेक रोगांचे शेवटच्या टप्प्यातील लक्षण आहे आणि या टप्प्यावरून परतणारे मासे थोडे असतात.

प्रश्न : महिन्यापूर्वी टाकी साफ करताना बोटाला खरचटले. तेथे आता लालसर गाठ आली आहे, दोन मलमांनी फरक पडला नाही आणि मनगटाजवळ दुसरी गाठ जाणवते. टाकीतील दोन मासेही खंगून मेले. याचा एकमेकांशी संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, आणि हा प्रश्न तुम्ही माझ्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाला याच आठवड्यात विचारावा. 'मायकोबॅक्टेरियम मॅरिनम' हा क्षयाच्या जिवाणूचा नातलग १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांतून प्रथम वेगळा केला गेला. माशांत त्याने अंग खंगते, पाठीचा कणा वाकतो, जखमा भरत नाहीत. माणसाला तो त्वचेवरच्या चिरेतून गाठतो. सुमारे ३० अंश तापमान त्याला मानवत असल्यामुळे तो सहसा हातापायांसारख्या थंड भागांतच राहतो. सुरुवातीच्या गाठीपासून हातावर वर सरकत जाणाऱ्या गाठींची रांग ही त्याची ओळखीची खूण आहे. नेहमीची मलमे त्यावर चालत नाहीत आणि पोटातून घ्यायची प्रतिजैविके अनेकदा काही महिने घ्यावी लागतात. माझ्या मते निदानाला उशीर होण्याचे मोठे कारण एकच असते : रुग्ण मत्स्यपेटीचा उल्लेखच करत नाही. तुम्ही तो पहिल्या वाक्यात करा आणि खरचटल्याची तारीखही सांगा, कारण गाठ सहसा दोन ते चार आठवड्यांनी उठते आणि तोवर ओरखडा विसरलेला असतो.

निदान होईपर्यंत टाकीत हात घालू नये. घरातील दुसऱ्या कोणी काम केले तर कोपरापर्यंतचे हातमोजे वापरावेत. मेलेले मासे लगेच काढावेत, कारण इतर मासे ते कुरतडतात आणि लागण तशीच पुढे जाते. सायफनची नळी तोंडाने ओढून पाणी सुरू करण्याची सवय असेल, तर रबरी फुग्याचा सायफन आणावा किंवा नळी पूर्ण पाण्यात बुडवून भरावी, एक टोक अंगठ्याने दाबून बादलीत उतरवावे आणि मग अंगठा काढावा.