बूस्ट कन्व्हर्टरमध्ये आउटपुट व्होल्टेज धरून कोण ठेवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५ व्होल्टचे १२ करायला ५५५ या टायमर आयसीवर बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं) सर्किट बांधलं, सूत्रातून ड्यूटी सायकल (प्रत्येक चक्रात स्विच चालू असण्याचा वाटा) ५८ टक्के काढली, अर्धा अँपिअर लोडला आउटपुट जवळपास बरोबर आलं, आणि लोड काढताक्षणी २५ व्होल्टचा कपॅसिटर गेला. मग सूत्र चुकीचं आहे का? आणि ड्यूटी सूत्रानेच ठरत असेल, तर तयार आयसीमध्ये फीडबॅक (आउटपुट मोजून त्याप्रमाणे स्विच चालवणं) नेमका कशाला लागतो?

सूत्र बरोबर आहे. आउटपुट = इनपुट ÷ (१ − ड्यूटी). पण ते येतं कुठून ते बघा. कॉइलचं एक टोक सप्लायला असतं आणि स्विच दुसरं टोक ग्राउंडला जोडतो, त्यामुळे स्विच चालू असताना कॉइलवर पूर्ण ५ व्होल्ट असतात आणि करंट चढत जातो. स्विच बंद केला तरी कॉइलचा करंट एकदम थांबू शकत नाही. तिच्यावरचं व्होल्टेज उलटतं, डायोड चालू होतो आणि करंट आउटपुटच्या कपॅसिटरकडे वळतो. आता कॉइलवर १२ वजा ५, म्हणजे ७ व्होल्ट उलट दिशेने आहेत, म्हणून करंट उतरतो. जेवढा चढला तेवढाच उतरला तरच सर्किट स्थिर: ५ × ०.५८३ आणि ७ × ०.४१७, दोन्हीकडे २.९२. या हिशोबात लोड कुठेच येत नाही, आणि गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. कारण एक अट गृहीत धरलेली असते: कॉइलमधला करंट मध्येच शून्यावर यायचा नाही.

तुमचे आकडे घेऊ, कॉइल २२ मायक्रोहेन्रीची आणि स्विचिंग १०० किलोहर्ट्झवर. प्रत्येक चक्रात करंट साधारण १.३ अँपिअरने चढतो-उतरतो. अर्धा अँपिअर लोडला कॉइलमध्ये सरासरी १.२ अँपिअर वाहतो (६ वॅट भागिले ५ व्होल्ट), म्हणजे करंट ०.५ ते १.९ च्या दरम्यान हेलकावे खातो आणि शून्याला शिवत नाही. लोड पावणेतीनशे मिलिअँपिअरच्या खाली गेला की मात्र उतरता करंट शून्याला टेकतो, डायोड बंद होतो आणि पुढचा पल्स येईपर्यंत कॉइल रिकामी बसते. इथून पुढे ते सूत्र लागू नाही. आता प्रत्येक पल्सला कॉइल १९ मायक्रोज्यूल भरून घेते आणि पुढे टाकते, लोड मागो वा न मागो. सेकंदाला एक लाख पल्स, म्हणजे जवळजवळ २ वॅट. तुमचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ वरून २५ व्होल्टवर जायला २४ मिलिज्यूल पुरतात. डायोड चालू असताना थेट सप्लायमधूनही थोडी ऊर्जा पुढे जाते. ती धरली तर सेकंदाच्या शंभराव्या भागात कपॅसिटरचा निकाल लागतो.

म्हणून फीडबॅकचं काम योग्य ड्यूटी शोधणं हे आहे असं मी म्हणणार नाही. लोड जेवढं नेतो तेवढंच आत घालायचं, हे त्याचं काम. तसं झालं की कपॅसिटरचं व्होल्टेज हलत नाही. ड्यूटी किती झाली हा त्याचा परिणाम.

यातली सर्वांत साधी पद्धत एमसी३४०६३ सारख्या जुन्या आयसीची. आउटपुटमधून दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरने घेतलेला अंश १.२५ व्होल्टच्या रेफरन्सशी (आयसीतल्या स्थिर व्होल्टेजशी) ताडायचा. कमी असेल तर पल्स सोडायचे, जास्त असेल तर थांबायचं. १२ व्होल्टसाठी वरचा रेझिस्टर खालच्याच्या ८.६ पट. रिपल (आउटपुटमधला चढउतार) जास्त येतो, आवाजही येऊ शकतो, पण हे सर्किट सहसा बिघडत नाही. तुमच्या ५५५ लाही हेच जोडता येईल: आउटपुटपासून ११ व्होल्टचा झेनर एका एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेसला, मधे रेझिस्टर, आणि कलेक्टर ४ नंबरच्या रिसेट पिनला. ती पिन रेझिस्टरने सप्लायला वर ओढलेली ठेवा. पावणेबाराच्या आसपास पल्स बंद होतील. तापमानाप्रमाणे आकडा थोडा सरकेल, पण कपॅसिटर वाचेल.

बाकीचे बहुतेक आयसी एरर अ‍ॅम्प्लिफायर वापरतात. डिव्हायडरचं व्होल्टेज आणि रेफरन्स यांच्यातला फरक वाढवून त्याची सॉटूथशी (करवतीच्या दातांसारख्या चढत्या व्होल्टेजशी) तुलना होते, आणि तुलनेतून पल्सची रुंदी ठरते. ऐकायला सोपं. पण बूस्टमध्ये एक खोच आहे, जी बकमध्ये (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटमध्ये) नाही, आणि माझ्या मते बूस्ट समजला की नाही ते इथेच कळतं.

समजा लोड अचानक वाढला आणि आउटपुट खाली आलं. कंट्रोलर ड्यूटी वाढवतो. म्हणजे स्विच जास्त वेळ चालू, आणि स्विच चालू असताना डायोड बंद असतो! कॉइलचा करंट वाढायला काही चक्रं लागतात. तोवर आउटपुटकडे करंट जाण्याचा वेळ मात्र लगेच कमी झालेला असतो. त्यामुळे उपाय सुरू केल्यावर आउटपुट आधी आणखी घसरतं आणि मग वर येतं. लांब उडीसाठी आधी मागे सरकावं लागतं तसं. कंट्रोलरने या घसरणीला घाबरून ड्यूटी आणखी वाढवली, तर घसरण आणखी वाढते आणि सर्किट डोलायला लागतं. याला राइट हाफ प्लेन झिरो म्हणतात. त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्याच्या पुढे हा उलटा परिणाम वरचढ होतो ती = लोडचा रेझिस्टन्स × (१ − ड्यूटी)² ÷ (२π × इंडक्टन्स). तुमच्या बाबतीत २४ ओहम लोड, म्हणून साधारण ३० किलोहर्ट्झ. लूपचा, म्हणजे आउटपुट मोजून ड्यूटी बदलण्याच्या फेऱ्याचा वेग त्याच्या एक तृतीयांश ते एक पंचमांश ठेवतात, म्हणजे ६ ते १० किलोहर्ट्झ. कंपेनसेशनचे (लूप स्थिर ठेवण्यासाठी लावलेले) कपॅसिटर-रेझिस्टर कितीही बदलले तरी हा झिरो जात नाही. लूप मंद ठेवायचा आणि मधला वेळ आउटपुटच्या कपॅसिटरने भरून काढायचा. इंडक्टन्स कमी केल्यास तो वर सरकतो, पण मग रिपल करंट वाढतो. आणि लक्षात घ्या, इनपुट सर्वांत कमी व लोड सर्वांत जास्त असताना तो सर्वांत खाली येतो. तपासणी त्याच टोकाला करा.

करंट मोड आयसीत एरर अ‍ॅम्प्लिफायर थेट ड्यूटी सांगत नाही, तर या चक्रात कॉइलचा करंट कुठवर चढू द्यायचा ते सांगतो. इनपुट बदललं तर त्याच चक्रात दखल घेतली जाते, ओव्हरकरंटचं संरक्षण आपोआप मिळतं. ड्यूटी ५० टक्क्यांच्या वर गेल्यावर पल्स एक लांब एक आखूड असे पडू लागतात, म्हणून आत स्लोप कंपेनसेशन (ही डगमग रोखणारा, करंटच्या सिग्नलमध्ये मिसळलेला उतार) असतं. तुमची ड्यूटी ५८ टक्के, तेव्हा ते लागणारच. राइट हाफ प्लेन झिरो इथेही सुटत नाही.

आणखी एक मर्यादा सूत्रात दिसत नाही. ड्यूटी १ कडे नेली तर आउटपुट अनंताकडे जायला हवं, पण कॉइलच्या तारेला रेझिस्टन्स असतो. तो ०.२४ ओहम आणि लोड २४ ओहम धरला, तर जास्तीत जास्त पाच पट व्होल्टेज मिळतं, तेही ९० टक्के ड्यूटीला. त्यापुढे ड्यूटी वाढवली की आउटपुट कमी होतं. फीडबॅकची दिशाच उलटते, कंट्रोलर वेड्यासारखा ड्यूटी वाढवत बसतो आणि अडकतो. आयसीत कमाल ड्यूटीवर बंधन असण्याचं हे एक कारण. बॅटरी उतरत गेल्यावर बूस्ट एकदम कोसळतो तेव्हा आधी ड्यूटी बघा.

फीडबॅक कितीही चांगला असला तरी साध्या बूस्टचं आउटपुट इनपुट वजा डायोड ड्रॉपच्या खाली जात नाही, कारण कॉइल आणि डायोडमधून सप्लाय थेट जोडलेला आहे. आउटपुट शॉर्ट झालं तर कंट्रोलर काहीही करू शकत नाही. फ्यूज इनपुटला घाला. आणि प्रीसेट (आउटपुट जुळवायचा बदलता रेझिस्टर) लावणार असाल तर डिव्हायडरच्या खालच्या बाजूला लावा: तिथला संपर्क सुटला तर फीडबॅक पिनचं व्होल्टेज चढतं आणि पल्स थांबतात. वरच्या बाजूला सुटला तर आयसीला आउटपुट शून्य आहे असं वाटतं आणि तो पूर्ण जोराने पल्स सोडत राहतो.