आमच्या मदत गटाला जर्मनीत युक्रेनच्या निर्वासितांना कामाला लावायचं तर आधी भाषा की आधी नोकरी?

दोन्ही एकदमच सुरू करा, भाषा पूर्ण येईपर्यंत कुणाला थांबवून ठेवू नका. मी इथे एका स्वयंसेवी गटात अर्ज आणि सीव्ही लिहून द्यायला मदत करतो, त्यात दिसतं ते असं की इंटिग्रेशन कोर्स म्हणजे साधारण ६०० तास भाषा आणि वर १०० तास इथल्या कायदा-समाजाची ओळख, तेवढे महिने वर्ग सुटला की घर असंच चाललं तर शिकलेलं बोलायला कुणी मिळत नाही आणि माणूस खचतो हो. कामाच्या परवानगीची काळजी नको, युरोपियन युनियनने मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्यांना तात्पुरतं संरक्षण लागू केलं त्यातच नोकरीचा हक्क आहे, आणि जर्मन सरकारने २०२३ मध्ये 'जॉब टर्बो' नावाचा कार्यक्रम आणला तो पण याचसाठी, की पुढची भाषा नोकरी करता करता शिकावी.

तुमच्या गटाने करण्यासारखं:
- सगळ्यात आधी मुलांना सांभाळायची सोय बघा. आलेल्यांत बायका-मुलं खूप आहेत, कितीतरी जणींचं काम फक्त पाळणाघरात जागा नाही म्हणून अडतं.
- ओळखीच्या बेकरी, हॉटेल, वर्कशॉपवाल्यांकडे थोड्या दिवसांची ट्रायल मागा, जॉबसेंटरला (इथलं सरकारी रोजगार आणि भत्ता कार्यालय) आधी कळवून.

फक्त नर्स, डॉक्टर, शिक्षक यांचं वेगळं आहे, त्यांच्या डिग्रीला इथली मान्यता लागते आणि त्याला वेळ जातो, म्हणून त्यांना मिळेल त्या साफसफाईच्या कामाला ढकलू नका प्लीज, मान्यतेचा अर्ज लगेच टाकायला लावा आणि तोवर त्याच क्षेत्रात सहाय्यक म्हणून काही मिळतंय का बघा.