पॅरिसच्या त्या टेबलावर बसण्याआधी

प्रश्न : ताई, माझी मुलगी पॅरिसला नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून तिनं तिथल्या एका तीन मिशेलिन स्टारवाल्या (म्हणजे मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचा सर्वोच्च दर्जा मिळालेल्या) रेस्टॉरंटमध्ये रात्रीच्या जेवणाचं बुकिंग केलंय. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं, दारू घेत नाही. ह्यांना मधुमेह आहे. 'मी घरी खिचडी खाऊन झोपतो, तुम्ही मायलेकी जा,' असं त्यांनी आत्ताच जाहीर केलंय. साडी चालेल का? काट्या-सुऱ्यांचं काय? आणि हसणार तर नाहीत ना आपल्याला?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : साडी खुशाल नेसा, पैठणी असेल तर पैठणीच काढा. पदर मात्र नीट पिन करा, कारण सॉस बऱ्याचदा टेबलापाशी येऊन, तुमच्या खांद्याजवळून ओततात. ह्यांच्यासाठी एक जाकीट घ्या. काही ठिकाणी त्याशिवाय आत घेत नाहीत.

आता हसण्याचं. मी पॅरिसमध्ये अशाच एका रेस्टॉरंटात बरीच वर्षं टेबलं सांभाळली आहेत, त्यामुळे आत स्वयंपाकघरात कोणाची टिंगल होते ते मला पक्कं माहीत आहे. चुटकी वाजवून बोलावणाऱ्यांची होते. आल्याआल्या 'बाँजूर' न म्हणता थेट खुर्ची ओढणाऱ्यांची होते. 'हे कसं खायचं हो?' असं विचारणाऱ्याची कधीच नाही. उलट वाढणाऱ्या पोरांनी प्रत्येक पदार्थाची कुंडली पाठ केलेली असते आणि ऐकणारं गिऱ्हाईक मिळालं की त्यांची कळी खुलते.

खरी काळजी घ्यायची ती जेवणाची, आणि ती आज, मे महिन्यात नव्हे. मुलीला रेस्टॉरंटला ईमेल करायला सांगा. नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. जुन्या वळणाच्या फ्रेंच स्वयंपाकाचा पाया म्हणजे वासराची किंवा कोंबडीची हाडं तासन्‌तास उकळून काढलेला रस. तो सॉसमध्ये असतो, आणि वरून निरागस दिसणाऱ्या गाजरा-कांद्यालाही त्याचाच चकाकता थर दिलेला असू शकतो. गोडातल्या मूस नावाच्या फेसाळ पदार्थात जिलेटिन निघतं, तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं. म्हणून एकेक नाव घेऊन लिहायचं : मांस नको, मासे नकोत, दोन्हींचा रस नको, जिलेटिन नको, दूध, लोणी, अंडं चालेल. चीजचं तुमचं तुम्ही ठरवा. काँते, रोकफोर अशी नावाजलेली चीज वासराच्या पोटातल्या विरजणानं लावलेली असतात. हे सगळं टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर कोणी नाही म्हणणार नाही, पण तुमच्या पुढ्यात येईल ते इतरांच्या ताटातून मांस वगळून उरलेलं. आधी कळवलंत तर तुमच्यासाठी वेगळा विचार होतो.

बुकिंग बदलता येत असेल तर मी एकच नाव सुचवेन : 'आर्पेज'. रोदँ म्युझियमसमोरच्या र्‍यू द वारेनवर आहे. तिथले शेफ आलँ पासार यांना 1996 मध्ये तिसरा स्टार मिळाला आणि 2001 मध्ये त्यांनी लाल मांस बंद केलं. तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, स्टार मात्र राहिले. जुलै 2025 पासून तर तिथे दूध-लोणी-अंडंसुद्धा नाही. प्राणिज असा फक्त त्यांच्याच पोळ्यांमधला मध. भाज्या त्यांच्या स्वतःच्या मळ्यांतून येतात. खिशाला चांगलीच चाट बसते, माणशी काहीशे युरो. पण एका कांद्यावर इतकी मेहनत घेतलेली मी दुसरीकडे पाहिली नाही, आणि तिथे तुम्हाला 'यात काय आहे' हे सारखं विचारावं लागणार नाही.

काट्या-सुऱ्यांचा धसका सोडा. आजकाल अशा बहुतेक ठिकाणी पदार्थ येण्याआधी त्याच्यापुरतीच हत्यारं मांडतात आणि ताटाबरोबर उचलून नेतात. सगळी एकदम मांडलेली असली तर बाहेरून आत यायचं, झालं. ब्रेड सुरीनं कापायचा नाही, हातानं मोडायचा. आपल्याला जमतं ते.

बसल्यावर तुमच्या खुर्चीशेजारी एक बुटकं स्टूल आणून ठेवतील. त्यावर बसू नका आणि पायही ठेवू नका. ते पर्ससाठी असतं. पर्स जमिनीवर टेकू देत नाहीत, इतका तिचा मान. लगेच शॅम्पेनचा गाडा येईल. किंमत कोणी सांगत नाही आणि विचारायचं सुचतही नाही, इथेच माणूस फसतो. हसून 'नको' म्हणा. बिनदारूचं काय आहे ते विचारा. आता बऱ्याच ठिकाणी प्रत्येक पदार्थाला जुळणारे रस, काढे, आंबवलेली पेयं देतात, आणि ती वाइनपेक्षा मजेदार असतात असं माझं मत. पाणी साधं की सोडा, असं विचारतील. दोन्ही बाटलीबंद आणि पैसे देऊन. 'काराफ दो' (म्हणजे पाण्याचा जग) म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. पॅरिसचं नळाचं पाणी उत्तम आहे.

ह्यांच्या औषधाचं मात्र लक्षात ठेवा. बसल्यापासून पहिला पोटभरीचा पदार्थ यायला पाऊण तास सहज जातो, सगळं जेवण तीन तासांच्या पुढे. गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा आणि वाढणाऱ्यालाही सांगा. ब्रेड लगेच आणून देतील. बाकीच्यांनी ब्रेडवर ताव मारू नये. संपला की ते गुपचूप आणखी ठेवतात, आणि गोडाची वेळ येईपर्यंत पोटात तसूभर जागा उरत नाही. गोड एकदाच येत नाही : आधी एक छोटं, मग खरं, मग कॉफीबरोबर चिमुकल्या मिठायांचा ताफा.

त्याआधी चीजचा गाडा येतो. तो मला सगळ्यात आवडायचा. झाकण उघडलं की वास असा येतो की अर्धं टेबल मागे सरकतं. तीन-चार प्रकार निवडा, सौम्यापासून उग्राकडे खा. कापायचं काम त्यांचं.

शेवटी बिलाची वाट बघत बसू नका. मागितल्याशिवाय ते येत नाही. टेबल रात्रभर तुमचंच असतं, आणि 'आता उठा' असं सुचवणं तिथे असभ्य मानतात.

प्रश्न : ऑफिसच्या कामानं फ्रान्समधल्या लिऑनला जातोय. नामवंत शेफ पॉल बोक्यूज यांच्या रेस्टॉरंटला जावं का? मी सगळं खातो. टिप किती द्यायची?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळं खात असाल तर जा. शहराबाहेर, सोन नदीकाठी कोलाँज-ओ-माँ-दोरला आहे. 1965 पासून 2020 पर्यंत सलग तीन स्टार होते. बोक्यूज 2018 मध्ये गेले, पुढे तिसरा स्टारही गेला. त्यावरून फ्रान्समध्ये भलताच गहजब झाला. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका, सूप मागवा. 1975 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्यासाठी एलिझे राजवाड्यात केलेलं ट्रफलचं (जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीचं) सूप. वाटीवर पफ पेस्ट्रीचा फुगलेला घुमट असतो; तो चमच्यानं फोडला की आतली वाफ थेट नाकात. आधी वास घ्या, मग खा. बाकीचं जेवण जुन्या पठडीतलं, लोणी-सायीनं जड. दुपारी जा आणि संध्याकाळची मीटिंग ठेवू नका.

टिपची सक्ती नाही. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे कायद्यानंच किमतीत धरलेले असतात. फारच खूश झालात तर एखादी नोट ठेवा. बुकिंगला कार्डाचा नंबर घेतात. न कळवता गेला नाहीत तर पैसे कापले जातात.

प्रश्न : पॅरिसमध्ये एका महागड्या रेस्टॉरंटात माझ्या मेनूवर किमतीच नव्हत्या, नवऱ्याच्या मेनूवर होत्या! छपाईची चूक असेल का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : चूक कसली, जुना रिवाज. यजमान पुरुषच असणार असं गृहीत धरून पाहुण्यांना आणि बायकांना बिनकिमतीचा मेनू द्यायचा. आता कमी झालंय, पण काही जुनी रेस्टॉरंटं अजून पाळतात. पुढच्या खेपेला बिल तुम्ही देणार असाल तर बुकिंग करतानाच तसं सांगा. मग आकडे तुमच्यापुढे येतील आणि कोरा मेनू त्यांच्यापुढे. बघा काय मागवतात ते!