घरासमोरची शाळा मिळाली नाही तेव्हा

सिंगापूरमध्ये जुलै महिना आला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मराठी पालकांच्या बोलण्यात पहिलीचा प्रवेश असतोच. प्रश्न थोड्याफार फरकाने तोच: "आम्ही इथे राहतो, कर भरतो, मूलही इथेच जन्मलं. मग सरकारी शाळेत आमचा नंबर मागे का? आणि हे मुलाला सांगायचं कसं?" एका कुटुंबाबरोबर केलेल्या कामातून याचं उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती आई ऑगस्टमध्ये आली. नवरा-बायको दोघंही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, पण नागरिक नाहीत. थोरले दीर आणि जाऊ काही वर्षांपूर्वी सिटिझन झालेले. दोन्ही घरांत सहा वर्षांचं एकेक मूल, इकडे मुलगी, तिकडे मुलगा. दोन्ही घरांनी एकाच शाळेत अर्ज भरला. शाळा हिच्या घरापासून इतकी जवळ की सकाळचं राष्ट्रगीत स्वयंपाकघरात ऐकू यायचं. दिरांचं घर त्या शाळेपासून दीड किलोमीटरवर. फेज टू-सीमध्ये, म्हणजे शाळेशी आधीचं नातं नसलेल्यांच्या फेरीत, पुतण्याचा नंबर बॅलटमधून, म्हणजे सोडतीत लागला. हिच्या मुलीचं नाव बॅलटपर्यंत पोहोचलंच नाही.

तिने फोन माझ्यापुढे धरला. शिक्षण मंत्रालय नोंदणीच्या दिवसांत प्रत्येक शाळेच्या जागा आणि आलेले अर्ज जाहीर करत असतं. त्या तक्त्याचे रोजचे स्क्रीनशॉट तिने जपून ठेवले होते. एकेक आकडा बोटांनी मोठा करून ती मला दाखवत होती. "बघा ताई, इथपर्यंत आशा होती." निकाल लागून आठवडा उलटला होता, तरी ते फोटो तिने काढून टाकले नव्हते.

नियम तिला ऐकून माहीत होता, पण नीट लावून घेतलेला नव्हता. म्हणून तो आम्ही कागदावर लिहून काढला. आधीच्या फेऱ्यांत मुख्यतः भावंडं शाळेत असलेली मुलं, त्या शाळेचे माजी विद्यार्थी असलेल्या पालकांची मुलं, आणि शाळेत किमान 40 तास स्वयंसेवा केलेल्या पालकांची मुलं येतात. असं कोणतंच नातं नसलेले सगळे टू-सीमध्ये. 2022 पासून प्रत्येक शाळेत टू-सीसाठी 40 जागा राखून ठेवतात, पण मागणी असलेल्या शाळेत त्या पुरत नाहीत. अर्ज जास्त झाले की क्रम असा लागतो: एक किलोमीटरच्या आतले नागरिक, मग एक ते दोन किलोमीटरमधले नागरिक, मग त्यापलीकडचे नागरिक. आणि ते सगळे झाल्यावर एक किलोमीटरच्या आतले पीआर. म्हणजे अंतर मोजतात, पण नागरिकत्व पाहून झाल्यावर. कागदावर ही उतरंड पाहिल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आमचा अर्ज उघडलाच नसेल."

हा नियम तिच्यावर राग म्हणून आलेला नाही, हेही मी सांगितलं. 2010 मध्ये नागरिकांना बॅलटमध्ये दोन संधी देऊन सुरुवात झाली, 2012 पासून त्यांना सरळ प्राधान्य मिळालं आणि 2020 पासून काही शाळांत पीआर मुलांच्या प्रवेशावर साधारण 25 ते 30 टक्क्यांची मर्यादा आली. यामागे इथल्या नागरिकांची बरीच जुनी तक्रार होती. आपल्या करातून, आपल्या आईवडिलांच्या काळापासून उभ्या राहिलेल्या शाळेत आपल्याच मुलाला जागा मिळू नये, ही त्यांची वेदना खरी आहे. तिची वेदनाही खरी आहे. एक मान्य केली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही, आणि पालकांशी बोलताना मी हे आडवळणाने सांगत नाही.

पण तिला खरं टोचत होतं ते वेगळंच, आणि ते दुसऱ्या भेटीत बाहेर आलं. निकालाच्या रात्री ती फोनवर आईला म्हणाली होती, "कितीही केलं तरी आपण इथे परकेच." मुलगी शेजारच्या खोलीत जागी होती. दोन दिवसांनी तिने पुतण्याचं नाव घेऊन विचारलं, "तो पास झाला आणि मी नापास झाले का?"

मुलीच्या लेखी ती परीक्षा होती. बॅलट, फेज, पीआर यातलं तिला काहीच कळत नव्हतं. घरातल्या मोठ्यांचे चेहरे मात्र तिने बरोबर वाचले होते.

अशा वेळी पालक हमखास एक गोष्ट करतात. "ती शाळा तशी काही खास नव्हतीच," असं मुलाला सांगतात. माझं स्पष्ट मत आहे, असं सांगू नका. चुलत भावंड त्याच शाळेत जाणार असतं, जानेवारीत गणवेश घालून समोर उभं राहणार असतं. मूल तेव्हा तुमचं खोटं पकडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे भावंडाला कमी लेखायला शिकतं. आम्ही मिळून साधी वाक्यं तयार केली: "ती परीक्षा नव्हती. तुला कुणी प्रश्नच विचारले नाहीत, मग तू नापास कशी होशील? त्या शाळेत जागा कमी होत्या. या देशाचे नागरिक असलेल्या मुलांना आधी जागा देतात, असा इथला नियम आहे. अर्ज आईबाबांनी भरला होता, तुझं काही चुकलं नाही. तुझ्यासाठी दुसरी शाळा आहे आणि आपण ती बघायला जाणार आहोत." आईने ती माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिली. "नागरिक" या शब्दाला आवाज कापला, म्हणून तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं.

नवरा सोबत आला तेव्हा त्याचा निर्णय झालेला होता. "आता सिटिझनशिप घेऊनच टाकू." ही प्रतिक्रिया मी दरवर्षी ऐकते. नागरिकत्वाचा अर्ज केल्यावर ते लगेच हातात पडत नाही, त्यामुळे या वर्षीच्या प्रवेशाला त्याचा काही उपयोग नव्हता. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पासपोर्ट परत करावा लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड मिळालं तरी मतदानाचा हक्क जातो. त्याचे आईवडील भारतात एकटे, वय झालेलं. हा निर्णय घेऊ नये असं मी म्हटलं नाही, तो माझा प्रांत नाही. इतकंच म्हटलं की ऑगस्टच्या रागात पहिलीच्या वर्गासाठी तो घेऊ नका. देश बदलायची कारणं एका शाळेपेक्षा मोठी हवीत.

मोठी जाऊ एका भेटीला आली, तेही धाकटीने बोलावलं म्हणून. दर रविवारचं एकत्र जेवण बंद झालं होतं आणि कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं. ती म्हणाली, "आम्हाला ही जागा फुकट मिळाली असं सगळे बोलतात. माझा मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षं सैन्यात देणार आहे. ती भीती मी आत्तापासून उशाशी घेऊन झोपते." हे खरंच आहे. दुसऱ्या पिढीच्या पीआर मुलग्यांनाही ही सक्तीची नॅशनल सर्व्हिस लागू असते, त्यामुळे फक्त त्यावरून नागरिक आणि पीआर यांची तुलना पुरी होत नाही. पण ते त्या खोलीत काढायची गरज नव्हती. मग तीच पुढे म्हणाली, "माजी विद्यार्थ्यांची मुलं आधीच्या फेरीत आत गेली, तेव्हा आम्हीही हात चोळत बसलो होतो." तेव्हा धाकटीने पहिल्यांदा तिच्याकडे वळून विचारलं, "वहिनी, तुम्ही हे बोलला का नाहीत?"

"कशी बोलणार? तुझं तोंड बघवत नव्हतं मला."

त्या दोघींचं पुढचं बोलणं माझ्याशिवाय झालं, आणि तसंच व्हायला हवं होतं.

मुलीला टू-सीनंतरच्या सप्लिमेंटरी फेरीत दुसऱ्या शाळेत जागा मिळाली, बसने थोडं लांब. नागरिक आणि पीआर मुलांना त्या फेरीतही शाळा लागली नाही, तर मंत्रालय जागा शिल्लक असलेल्या शाळेत पाठवतं, म्हणजे मूल शाळेविना राहत नाही. हे मी पालकांना आधीच सांगते, कारण जुलैमधली निम्मी झोप या भीतीने उडालेली असते. मराठी इथल्या मातृभाषा विषयांच्या यादीत नाही, त्यामुळे दोन्ही मुलं हिंदी घेणार होती. दोन्ही घरांनी ठरवून त्यांना शनिवारच्या एकाच हिंदी वर्गात घातलं. मला विचाराल तर शाळेच्या नावापेक्षा या निर्णयाने मुलीला जास्त आधार मिळाला.

ईपी (नोकरीचा परवाना) किंवा डिपेंडंट पासवर (त्यांच्या कुटुंबीयांचा परवाना) असलेल्यांना मात्र मी वेगळं उत्तर देते. परदेशी मुलांची पाळी फेज थ्रीमध्ये, सगळे नागरिक आणि पीआर झाल्यावर येते आणि तिथे जागेची हमी कुणीच देत नाही. फीसुद्धा नागरिकांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी दुसरी सोय, मग ती आंतरराष्ट्रीय शाळा असो वा भारतात परतणं, जुलैच्या आधीच डोळ्यांसमोर ठेवावी आणि मुलापुढे एकाच शाळेचं नाव महिनोन्महिने घेऊ नये.

ती आई नंतर एकदा भेटली. नियम तिला आजही पटत नाही. घरासमोरच्या मुलापेक्षा दोन किलोमीटरपलीकडचं मूल आधी का, हा तिचा प्रश्न कायम आहे आणि तो विचारायचा तिला हक्क आहे. रविवारची जेवणं पुन्हा सुरू झाली आहेत. नागरिकत्वाचं काय करायचं, ते सासू-सासऱ्यांशी समोरासमोर बोलून डिसेंबरच्या सुट्टीनंतर ठरणार आहे.