गाउटच्या (सांध्यांत युरिक आम्ल साचून होणाऱ्या सांधेदुखीच्या) तीव्र झटक्यात कोणते दाहशामक औषध अधिक चांगले?
वेदना कमी करण्याच्या बाबतीत नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन आणि इटोरिकॉक्सिब यांच्यात फारसा फरक आढळत नाही. फरक पडतो तो दुष्परिणामांत. इंडोमेथासिन केवळ जुन्या सवयीने या आजाराशी जोडले गेले असावे, कारण त्याने डोकेदुखी, चक्कर आणि पोटाचा त्रास अधिक होतो, तर इटोरिकॉक्सिब पोटाला तुलनेने सौम्य असले तरी हृदयविकाराच्या रुग्णांना चालत नाही. मूत्रपिंड कमजोर असल्यास ही तिन्ही टाळून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ५ दिवस ३० ते ३५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज घेणे मला अधिक सयुक्तिक वाटते. मात्र मधुमेहींची रक्तशर्करा त्याने वाढते. कोल्चिसिन हे गाउटवरचे आणखी एक औषध शक्यतो पहिल्या १२ तासांत आणि कमी मात्रेतच सुरू करावे. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकासोबत ते जीवघेणे ठरू शकते.