कोंबड्यांच्या कुंपणाचा खर्च बुडाशी करावा

बेळगावच्या पश्चिमेकडील खेड्यात परसातल्या पंधरा गावठी कोंबड्यांना दिवसभर मोकळे फिरता यावे, पण मुंगूस, कुत्रे आणि रानमांजर आत शिरू नये, असे स्वस्त कुंपण कसे बांधावे, असे आपण विचारले आहे. मी खानापूर तालुक्यात राहतो आणि असे कुंपण दोनदा बांधले आहे. पहिले सहा फूट उंच आणि दिसायला भक्कम होते. तरीही ते फसले, म्हणून दुसरे बांधावे लागले.

पहिल्या वेळी मी सगळा पैसा उंचीवर घातला होता. भाताच्या लावणीचे दिवस होते, घरात कोणी नव्हते, आणि भरदुपारी मुंगसाने आत शिरून चार तलंगा मारल्या. जाळी कोठेही फाटलेली नव्हती. आम्ही ती वरून खालपर्यंत तपासत असताना शेजारच्या काकूंनी दारापाशी वाकून हात आत घातला आणि म्हणाल्या, "जाळी उंच केलासा, पण दाराखालून माझा हात जातोय की ओ." उंबऱ्याच्या जागी माती कोंबड्यांनीच उकरून सैल केली होती आणि उरलेली पावसाने वाहून नेली होती. काकूंचा हात जेथून गेला तेथून मुंगूस सहज गेले असणार. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, खालचे दोन फूट आणि दार या दोनच ठिकाणी खर्च करावा आणि बाकी सर्वत्र काटकसर करावी.

माप ठरवताना मोकळ्या आवारात प्रत्येक कोंबडीला किमान दहा चौरस फूट जागा धरावी. म्हणजे पंधरा कोंबड्यांसाठी १५ फूट लांब आणि १० फूट रुंद आवार पुरते आणि त्याचा घेर ५० फूट होतो. हा आकडा सोयीचा आहे, कारण अर्धा इंची चौकटीची, तीन फूट रुंदीची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारांची सांधे वितळवून जोडलेली जाळी, ५० फुटांच्या गुंडाळीत मिळते. दुकानदार स्वस्त म्हणून षटकोनी तारेची कोंबडी जाळी पुढे करतो. परंतु ती कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच असते, भुकेले कुत्रे तिला दातांनी फाडते आणि तिच्या मोठ्या छिद्रांतून मांजराचा पंजा आत येतो. तशी जाळी घ्यावी, पण फक्त वरच्या चार फुटांसाठी. तार निवडताना गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे विसरू नये.

वेल्डमेशच्या तीन फुटांपैकी दोन फूट उभे ठेवावे आणि एक फूट काटकोनात वाकवून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवे पसरावे. उकरणारे जनावर सहसा भिंतीला नाक लावून तिच्या बुडाशीच उकरते. तेथे पंज्याला तार लागली की फूटभर मागे सरून उकरायला सुरुवात करावी, हे त्याला सुचत नाही. आपल्याकडच्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात पहारीने चर खणणे म्हणजे मजुरीच मजुरी, म्हणून आडवी जाळी येथे फार उपयोगी पडते. तिच्यावर चिऱ्याचे तुकडे आणि माती टाकली की एका पावसाळ्यात गवत तिला धरून ठेवते. चारही कोपऱ्यांवर मात्र या आडव्या पट्टीत फूटभराची चौकोनी फट राहते. अडीच फूट रुंदीच्या दारापाशी आडवी पट्टी तशीच ठेवून उभा भाग कापून काढला, तर अडीच फूट बाय दोन फुटांचा तुकडा हाती येतो आणि त्यातून फूटभर बाजूचे चार चौकोन निघतात. चारही कोपरे त्यातच भागतात.

खांबांसाठी निलगिरीचे वासे किंवा जाड कळक पुरेत. पाच-सहा फुटांवर एक याप्रमाणे ते दीड-दोन फूट खोल पुरावेत आणि पुरायचा भाग आधी जाळून काळा करून त्यावर डांबर फासावे, नाहीतर वाळवी दोन वर्षांत बुडखा पोकळ करते. निपाणी, चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत कुंपण बांधणाऱ्यांनी खांब आणखी खोल घ्यावेत, कारण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतात. जाळी खांबांच्या बाहेरून ठोकावी, म्हणजे बाहेरचा धक्का खिळ्यांवर न येता खांबावर येतो. वेल्डमेश आणि कोंबडी जाळी जेथे एकमेकींवर येतात, तेथे चार बोटांचा जोड ठेवून बाइंडिंग तारेने दर वीतभर अंतरावर पीळ द्यावा. सुतळी उंदीर कुरतडतात.

दार बाहेर उघडणारे असावे, म्हणजे कुत्र्याने कितीही रेटले तरी ते चौकटीवरच घट्ट बसते. उंबऱ्याला एक सरळ चिरा किंवा फरशीचा तुकडा पुरावा आणि दार व उंबरा यांत अर्ध्या इंचाहून जास्त फट ठेवू नये. कडी-कोयंड्याला खिट्टी हवीच. आमच्याकडच्या माकडांना नुसती कडी काढता येते, हे मी अंड्यांच्या मोलाने शिकलो आहे.

वरून येणारे शत्रू दिवसा घार आणि शिक्रा, तर रात्री उदमांजर. पहिल्या दोघांना मासेमारीचे जुने जाळे पुरते; आमचे एका नातेवाइकाने वेंगुर्ल्याहून आणून दिले. मधोमध एक तार ताणून जाळ्याला दोन्ही बाजूंनी उतार द्यावा, कारण जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पालापाचोळा ओला होऊन साचला की सपाट जाळे झोळीसारखे खाली येते. चढणाऱ्या उदमांजराला मात्र असले जाळे अडवत नाही. म्हणून रात्री कोंबड्या आवारात ठेवूच नयेत. दिवेलागणीला त्यांना खुराड्यात कोंडावे. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, भिंती फळ्यांच्या किंवा जुन्या पत्र्याच्या, वाऱ्यासाठी ठेवलेल्या झरोक्यांवर तीच अर्धा इंची जाळी आणि आत दर कोंबडीला आठ इंच दांडी, एवढे पुरेसे आहे. झोपलेली कोंबडी बाजूला टेकते. तेथे रुंद छिद्रांची जाळी असेल तर रानमांजर तिला बाहेरूनच ओरबाडते. ज्या गावांत बिबट्या फिरतो, तेथे मात्र पत्र्याने भागत नाही, चिऱ्याच्या भिंतीच हव्यात. आपण गिरिराज पाळणार असाल, तर त्या जड कोंबड्यांना उंच दांडी आणि उभी शिडी देऊ नये.

कोणी कुंपणात घरचा वीजप्रवाह सोडण्याचा सल्ला दिला तर तो मुळीच ऐकू नये. त्यात पहिल्यांदा घरातले मूल किंवा शेजाऱ्याची म्हैस मरते. फासे आणि विषही नकोत, कारण मुंगूस व उदमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यापेक्षा सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत आणि अंडी उचलावीत; दाण्यामागे उंदीर व घुशी येतात आणि त्यांच्यामागे साप. कुंपणाभोवतीचे तीन फूट गवत कापलेले असले की सकाळी नवे बीळ लगेच दिसते.

पैसे एकदम जमत नसतील तर आधी खुराडे, मग वेल्डमेश आणि दार, असा क्रम ठेवावा. तोवर कोंबड्या घरचे माणूस परसात असेल तेव्हाच सोडाव्यात आणि पिले डालग्याखाली ठेवावीत. वरची जाळी आणि जाळे पुढच्या सुगीनंतर घेतले तरी चालते. पहिला मोठा पाऊस पडून गेला की घेराभोवती एक फेरी मारून बुडाशी आणि दाराखाली हात घालून पाहावा, आणि जेथे मूठ जाते तेथे त्याच दिवशी चिरा बसवावा.