वाचकांचे प्रश्न : नाताळातली मुंबईची थंडी

प्रश्न : नाताळच्या आठवड्यात सासूबाई रत्नागिरीहून बोरिवलीला येताहेत. त्यांना दमा आहे. थंडी कितपत असेल? पहाटे फिरायला न्यावं का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताई, बातम्यांत कुलाबा आणि सांताक्रूझ असे दोन आकडे येतात, तुम्ही सांताक्रूझचा धरा. कुलाब्याची रात्र समुद्रामुळे उबदार असते. डिसेंबरअखेर सांताक्रूझला पहाटे साधारण १७ ते १९ अंश, दुपारी मात्र तिशीपार. उत्तरेचे कोरडे वारे सुटले की पारा १५ च्या आसपास येतो. नॅशनल पार्कच्या झाडीलगत त्याहून गार. (२२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश होतं, पण तो विक्रम.)

मला थंडीपेक्षा हवेची काळजी वाटते. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि धूळ-धूर खालीच कोंडतो. म्हणून पहाटेचं फिरणं नकोच. ऊन चढल्यावर, दहाच्या सुमारास न्या, तेही त्या दिवशीचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (AQI) बघून. इन्हेलर पिशवीत हवाच. आणि येण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.